टोपलीत टाकलेली बाटली

कुकरची दुसरी शिट्टी झाली, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता, आणि दार वाजलं. दारात समोरच्या मावशी. वही छातीशी धरलेली, वेणी अर्धीच घातलेली.

"वहिनी, पुन्हा चुकलं. अकराला परीक्षा आहे हो!"

औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं मावशी बाटल्या तपासतायत. पट्ट्यावरून बाटली आली की निरखायची, खराब असेल ती उचलायची. आता हे काम यंत्र करणार. त्याचा साधा प्रोग्रॅम लिहिता आला तरच नोकरी राहील. मावशी दोनदा नापास झाल्या. आजची शेवटची संधी. महिनाभर माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही जर-तर गिरवतोय.

गॅस बारीक करून मी वही उघडली. 'जर तडा असेल, तर टोपलीत टाक. जर तोंड वाकडं असेल, तर टोपलीत टाक. नाहीतर खोक्यात भर.'

खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली मी त्यांच्या हातात दिली. "समजा, हिला तडा आहे, तोंड सरळ आहे. काय होईल?"

"टोपलीत जाईल."

"आणि दुसरी ओळ?"

"दुसरी कशाला? बाटली गेली की!"

"तुमच्या हातून गेली, मावशी. यंत्र पुढची ओळ वाचणारच. तोंड सरळ दिसलं की म्हणणार, खोक्यात भर."

"टाकलेली बाटली परत भरायची? इतकं मठ्ठ? आणि परीक्षा मात्र माझी!"

दोघींनाही हसू फुटलं. मग त्यांनी दुसऱ्या 'जर'च्या आधी 'नाहीतर' लिहिलं. जमलं. मी काचेतल्या बुडबुड्याची तिसरी अट घातली, आणि ती त्यांनी 'नाहीतर' न लावता सुटीच लिहिली. पुन्हा तीच चूक.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नाही शिरत हो डोक्यात. बाटली हातात असली की सगळं दिसतं, कागद पुढे आला की अंधार. मुलीची दोन वर्षं राहिलीयत कॉलेजची. मी घरी बसले तर..."

आतून ह्यांनी विचारलं, "मोजा मिळाला का?" घड्याळात साडेनऊ.

मावशींनी डोळे पुसले, वही मिटली. बाटली मात्र खाली ठेवली नाही.

"वहिनी, ही आजच्या दिवस मला द्या. परीक्षेत हातात धरून बसते."