काळीची गाठ

मोहफुलं वेचली तरच आमच्याकडे तेल-मीठ यायचं. अस्वलांच्या भीतीनं आई आमच्या कुत्रीला, काळीला, घेतल्याशिवाय जंगलात जात नसे. आज बाजारात मोहाचा वास आला आणि जनावरांचा दवाखाना आठवला. काळीच्या पोटाखाली गाठ आली होती. दूध साकळलं समजून आईनं महिनाभर एरंडाची पानं गरम करून बांधली.

“बाई, कॅन्सर आहे. कापावं लागेल,” डॉक्टर म्हणाले.

“कुत्र्याले बी होते का?” आईनं मला विचारलं. घरात कॉलेजात शिकणारी मी एकटीच. मला ठाऊक नव्हतं. तेव्हा लाज वाटली. आज वाटतं, डॉक्टर समोर असून तिनं विचारलं ते मला.

“कापा,” आई म्हणाली, “पन मले इथीच राहू द्या. काळी अस्वलाले भेत नाई, सुईले भेते.”

त्यानंतर काळी तीन वर्षं जगली आणि म्हातारी होऊन गेली.