नंबर पहिलाच होता, पान नव्हतं

मागच्या शुक्रवारी सकाळी मी दौंड तालुक्यातल्या खुटबावला डॉक्टर मॅडमच्या हॉस्पिटलमध्ये बसले होते. रिसेप्शनवरच्या बबन मामांना नवीन वेबसाइटवर सूचना कशी टाकायची ते शिकवत होते... आणि खरं सांगते, मनातून जरा फुशारकीतच होते.

कारण सोमवारीच मी मॅडमची जुनी साइट नवीन सीएमएसवर, म्हणजे कोड न लिहिता पानं बदलता येतात अशा सॉफ्टवेअरवर, हलवली होती. जुनी साइट मॅडमनी स्वतः एकेक पान हाताने लिहून केलेली. साधा ओपीडीचा टाइम बदलायचा तरी कोड उघडून बसावं लागायचं. आता मामासुद्धा मोबाइलवरून बदलू शकणार होते.

साइट हलवताना सगळ्यात मोठी भीती असते ती सर्चमधला वरचा नंबर जाण्याची. पानांचे पत्ते बदलतात, मग जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर आपोआप पोचवावं लागतं. त्याला रिडायरेक्ट म्हणतात. मेनूतलं एकेक पान बघून मी ते केलं होतं, आणि रोज तपासतही होते. डिलिव्हरी, सोनोग्राफी, लहान मुलांची ओपीडी... सगळे नंबर जागच्या जागी.

साडेअकराच्या सुमारास दारात एक पिकअप येऊन थांबली. नदीपलीकडच्या, शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा माणूस बायकोला उचलूनच आत आला. उसात पाणी देताना तिला घोणस चावली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला... हिरड्यांतून रक्त.

"किती वेळ झाला?" मॅडमनी विचारलं.

"दोन तास व्हत आले."

मॅडमचा चेहराच बदलला. त्या वस्तीवरून पूल ओलांडला की आमचं हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे. बाईंना आत घेतलं आणि मामांनी नवऱ्याला विचारलं, आधी कुठं गेला होतात?

"शिरूरला. तिथल्या दवाखान्यात म्हनले, सापाचं इंजेक्शन न्हाई, खुटबावला न्या. आन् मामा, तुमचं ते पान कुठं गेलं वो? साप चावल्यावर काय करायचं, कुठं यायचं... आमच्या ग्रुपवर हाय त्याची लिंक. उघडलं तर काईच न्हाई. मला वाटलं दवाखानाच बंद झाला, म्हून तिकडं गेलो."

मी तिथेच, त्याच्या पाठीमागे उभी होते. मोबाइलवर शोधलं... साप चावला, दौंड, शिरूर. पहिलंच नाव आमचं. नंबर हललाच नव्हता. त्यावर बोट ठेवलं.

'हे पान सापडले नाही.'

ते पान मेनूत कधी नव्हतंच... मॅडमनी मागे कधीतरी घाईत लिहून चढवलेलं. लोक सर्चमधून नाहीतर ग्रुपवरच्या लिंकवरून थेट तिथे यायचे. मी यादी केली ती मेनू बघून. ते पान माझ्या यादीतच आलं नाही.

आत मॅडमनी बाईंचं रक्त काचेच्या नळीत घेतलं. ते वीस मिनिटं तसंच ठेवायचं आणि गोठतंय का बघायचं. नाही गोठलं, तर विष रक्तात भिनलंय.

नळी भिंतीजवळच्या स्टँडवर होती, सगळ्यांना दिसेल अशी. मी बाकावर बसून लॅपटॉप उघडला. जुन्या बॅकअपमधून ते पान काढलं आणि मुद्दाम जुन्याच पत्त्यावर चढवलं. पासवर्ड दोनदा चुकला.

मग सर्व्हरची नोंद उघडली. कुठल्या पत्त्यावर कोण येऊन गेलं, ते सगळं तिथे असतं. सोमवारपासून त्या एका पानावर सदोतीस वेळा कुणीतरी येऊन रिकाम्या हाताने परत गेलं होतं. त्यातली किती माणसं नुसती कुतूहलानं आली आणि किती खरोखर अडचणीत होती... मला कधीच कळणार नाही.

वीस मिनिटांनी मॅडमनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

इंजेक्शनं चालू झाली. मी मॅडमना दारातच गाठून सांगितलं, पान माझ्यामुळे गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चालू झालं का ते?" मी हो म्हटलं. "मग बाजूला हो."

मी घरी जाऊ शकले असते... गेले नाही. सहा तासांनी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तीच वीस मिनिटं. या वेळी नळी तिरकी केली तर रक्त तळाशी घट्ट बसलेलं. मॅडम पहिल्यांदा खुर्चीत टेकल्या.

मग मी त्या माणसाजवळ गेले आणि सांगून टाकलं. दादा, ते पान माझ्या चुकीनं गेलं होतं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, आणि त्या ऐकून घ्यायची तयारी होती.

त्यानं खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "ताई, आता उघडतंय का?"

"हो."

"मंग माझ्याच फोनवरनं टाका ग्रुपवर. आन् लिव्हा, की चालू झालंय म्हून. कुनी बंद समजून डिलीट केलं असंल."

त्यानं फोन माझ्या हातात दिला. स्क्रीनवर त्या दोघांचा शेतातला फोटो होता. मी लिंक टाकली, खाली त्यानं सांगितलं तसं लिहिलं... आणि मग मला रडू आवरलं नाही.

आता कुठलीही साइट हलवायच्या आधी मी सर्व्हरची नोंद बघणार. लोक खरंच कुठल्या पानावर येतात, कशासाठी येतात... मेनूचं नंतर. हे मला वेबसाइटच्या कोर्समध्ये शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं.

मंगळवारी बाईंना घरी सोडलं. पायाची सूज अजून होती, पण नवऱ्याचा हात धरून त्या स्वतः चालत गाडीपर्यंत गेल्या. मी तेवढं बघायला मुद्दाम गेले होते... आणि बघायला मिळालं, याचे उपकार कुणाचे मानू ते कळत नाही.