विहिरीतले मासे आणि शेजारचा रंगारी

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याने पाणी घातलं असेल-नसेल, मी मात्र त्याच्याशी रोज भांडायचे. त्यामुळे त्या सकाळी विहिरीत मासे उताणे तरंगताना दिसले, तेव्हा गुन्हेगार कोण हे मी पाणी नीट बघायच्या आधीच ठरवून टाकलं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. यशवंतपूरकडच्या एका गल्लीत आम्ही भाड्याने राहायचो. बंगळूरमध्ये आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. विहिरीत बोटभर लांबीचे मासे सोडायची आमच्याकडे पद्धत होती. ते डासांच्या अळ्या खात. शिवाय मासे हिंडताना दिसले की मगच पाणी शेंदायचं, हा सासूबाईंचा नियम. त्या दिवशी एकही हिंडत नव्हता. बेडूक मेले होते, पाण्यावर धावणारे किडेसुद्धा नाहीसे झाले होते.

भिंतीपलीकडे रेशीम रंगवणारा रंगारी राहायचा. त्याच्या मोरीतून कधी लाल, कधी हिरवं पाणी वाहायचं.

"तुझा रंग आमच्या विहिरीत झिरपतोय! माणसं मारायची आहेत का?" मी भिंतीवरूनच ओरडले.

तो हात पुसत आला. "अक्का, स्वल्प थांबा. आधी माझी विहीर बघा. मोरी तिला जास्त जवळ आहे, आणि तिच्यात मासे जिवंत आहेत."

मी जाऊन पाहिलं. मासे खरंच मजेत फिरत होते. मला वाटलं, लबाडाने आजच नवे आणून सोडलेत!

दोन्ही घरांचे मालक एकच. मी त्यांच्यापुढे पदर डोळ्यांना लावला, घरात तान्हं मूल आहे म्हणाले. रंगाऱ्याने किती विनवण्या केल्या. या विहिरीच्या पाण्यात रेशमावर रंग चांगला चढतो, दुसरीकडे माझं काम बसेल, म्हणाला. मालकांनी महिन्याभरात त्याला घर खाली करायला लावलं. आम्ही विहीर उपसली, नवे मासे सोडले. ते जगले. बघा, मी म्हणतच होते ना, असं गल्लीभर सांगत सुटले.

पुढच्या वर्षी मलेरियावाले भिंतींवर डीडीटी फवारायला आले. औषध कालवायला त्यांनी गेल्या खेपेसारखाच आमचा पोहरा मागून घेतला. परक्या हातांनी तो बाटला, म्हणून मीही गेल्या खेपेसारखाच तो विहिरीत तीनदा बुचकळून शुद्ध केला. पाणी वर-वर पांढुरकं झालं. दुसऱ्या दिवशी सगळे मासे उताणे. सवयीने मी भिंतीकडे वळले. पलीकडचं घर वर्षभर रिकामंच होतं.

गेल्या वर्षीही फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी मासे मेले होते. पोहऱ्याला चिकटलेलं विष दोन्ही वेळा मीच विहिरीत कालवलं होतं. शरमेने दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी मी रंगाऱ्याला शोधत गेले. तो दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यात रोजंदारीवर लड्या पिळत होता. मी सगळं सांगून टाकलं, रडलेसुद्धा.

"सरी, अक्का, ठीक आहे," तो म्हणाला. मग हातातली लडी खाली ठेवून त्याने विचारलं, "हे तुम्ही मालकांना सांगितलंत?"

"नाही अजून," मी म्हटलं. आणि पुढेही कधी सांगितलं नाही.