राष्ट्राध्यक्षांना नाश्ता विचारणारे भाई

"सकाळी नाश्त्याला काय घेतलंत, साहेब?"

घरी आलेल्या पाहुण्याला हा प्रश्न कोणीही विचारील. आमचे भाई तो राष्ट्राध्यक्षांना विचारायचे. भर पत्रकार परिषदेत, उभं राहून, टायची गाठ सारखी करत. आजूबाजूचे वार्ताहर खाली मान घालून हसायचे आणि राष्ट्राध्यक्ष क्षणभर गोंधळून आपल्या माणसांकडे बघायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा लग्न होऊन मी वसईहून बहरैनला आले. नवरा इस्पितळात नोकरीला, आमचा फ्लॅट उम्म अल हस्सम या वस्तीत. मला राजधानी मनामातल्या एका इंग्रजी दैनिकात टेलेक्स ऑपरेटरची जागा मिळाली. भाई तिथे वार्ताहर होते. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. बहरैनला आले ते एका व्यापाऱ्याकडे क्लार्क म्हणून. त्याच्या जहाजांच्या बातम्या पेपरला पोचवता पोचवता ते पेपरातच राहिले. ऑफिसात सगळे त्यांना भाई म्हणत, आमचा इंग्रज संपादकसुद्धा. मला ते 'बाय' म्हणायचे. माझ्या माहेरीही मला तशीच हाक मारत, म्हणून पहिल्या दिवसापासून मला ते परके वाटले नाहीत.

बहरैनला अमीर होते, राष्ट्राध्यक्ष नव्हते. पण बाहेरचे राष्ट्राध्यक्ष येऊन-जाऊन असायचे. कोणी अमिरांच्या भेटीला येई, कोणी नुसतं विमानात इंधन भरेपर्यंत थांबे. प्रत्येकाबरोबर वृत्तपत्रांना सांभाळणारा एक अधिकारी असायचाच. काय विचारायचं, काय नाही, फोटो कुठून काढायचा, हे तो आधी बजावून ठेवी. मग वार्ताहर तेलाबद्दल विचारत, युद्धाबद्दल विचारत, आणि राष्ट्राध्यक्ष घोटून आणलेलं उत्तर म्हणून दाखवत. सगळे ते उतरवून घेत. तुम्हीही अशा मुलाखती वाचल्या असतील, वाचून लगेच विसरलाही असाल.

भाईंचं म्हणणं असं, की नाश्त्याचं उत्तर कोणी पाठ करून येत नाही. तिथून माणूस बोलायला लागतो.

एकदा खरंच तसं झालं. एका राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं की सकाळी नुसता काळा चहा झाला, पहाटेपासून ते फोनवरच होते. भाईंनी अगदी काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक ना? आणि त्या भल्या माणसाने सांगून टाकलं की मंत्रिमंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले आहेत. त्यांच्या अधिकाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी ती बातमी फक्त आमच्याकडे होती.

दर वेळी असं जमत नसे. दुसऱ्या एका राष्ट्राध्यक्षांनी आपल्या देशातलं माशाचं कालवण कसं करतात ते इतकं सविस्तर सांगितलं की वेळ संपली. पेपरला बातमी अशी काहीच मिळाली नाही. संपादक फार चिडले. भाई मात्र शुक्रवारच्या सुट्टीला सुरमई घेऊन आमच्याकडे आले आणि त्यांनी माझ्याकडून तसंच कालवण करून घेतलं. ते अगदी सपक झालं. भाईंनी दोन घास खाल्ले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाय, या साहेबाला घरच्या चुलीजवळ कोणी फिरकू देत नसणार."

मला शॉर्टहँड येत होतं, म्हणून पुढे पुढे ते मला पत्रकार परिषदेला सोबत नेऊ लागले. त्यामुळे आता सांगते ती दुपार मी स्वतः पाहिली.

ते राष्ट्राध्यक्ष एका गरीब देशाचे होते. वयाने साठीच्या पुढचे, उंचेपुरे. त्यांची तब्येत बरी नाही अशी कुजबुज बरेच दिवस होती आणि त्यांचं सरकार ती सारखी नाकारत होतं. वर्तमानपत्रांवर त्यांचा राग होता. त्यांच्या देशात तब्येतीबद्दल लिहिलं म्हणून एक साप्ताहिक बंद झालं होतं. अधिकाऱ्याने आम्हाला दारातच सांगितलं की प्रकृतीचा विषय काढायचा नाही.

हॉटेलच्या हॉलमध्ये राष्ट्राध्यक्ष उभ्यानेच बोलू लागले. थोड्या वेळाने त्यांनी समोरचं टेबल धरलं. मग दोन्ही हातांनी त्यावर भार दिला. फोटोग्राफर पुढे सरसावले, कॅमेऱ्यांचे दिवे लखलखले. सगळ्यांना दिसत होतं, पण सगळ्यांच्या हातात लिहायचं किंवा फोटो काढायचं काम होतं.

भाई उठले. बसले होते ती खुर्ची त्यांनी उचलली, गर्दीतून पुढे नेली आणि राष्ट्राध्यक्षांच्या मागे ठेवली. अधिकारी अडवायला आला तोवर राष्ट्राध्यक्ष बसलेसुद्धा. त्यांनी डोळे मिटले.

भाई तिथेच उभे होते. त्या दिवशी त्यांनी नाश्त्याबद्दल विचारलं नाही.

"साहेब, तब्येत कशी आहे?"

राष्ट्राध्यक्षांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की तब्येत चांगली नाही, इथून ते परदेशी ऑपरेशनला चालले आहेत. अधिकाऱ्याने लगेच परिषद संपल्याचं जाहीर केलं.

संध्याकाळी तो अधिकारी आमच्या ऑफिसात येऊन बसला. ऑपरेशनचं वाक्य गाळा, असं त्याचं म्हणणं. त्यांच्या देशात गोंधळ होईल, पाहुण्या राष्ट्राध्यक्षांचा मान राखा. संपादकांनाही ते पटायला लागलं होतं, कारण अशा तक्रारी कुठवर जातील सांगता येत नसे आणि आमच्यापैकी बहुतेकांचे व्हिसा त्याच पेपरच्या नोकरीवर होते. भाईंचाही. रत्नागिरीला त्यांची तीन मुलं त्याच पगारावर शिकत होती. भाई आवाज न चढवता म्हणाले, की ते सर्वांसमोर बोलले आहेत, आता गाळायचं असेल तर त्यांनीच सांगावं.

शेवटी अधिकाऱ्याने हॉटेलला फोन लावला. टेलेक्सच्या खोलीतला फोन त्यातल्या त्यात स्पष्ट ऐकू येई, म्हणून ते सगळं माझ्याच टेबलाशी झालं. थोडं बोलून त्याने रिसीव्हर भाईंच्या हातात दिला. राष्ट्राध्यक्षांना बातमी ऐकायची होती. भाईंनी ती सावकाश वाचून दाखवली. ऑपरेशनचं वाक्यही वाचलं. मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. "हो साहेब," म्हणाले, "अल्ला बरं करील," म्हणाले आणि फोन ठेवला.

छापायला परवानगी होती. अधिकारी निघून गेला.

मी विचारलं, एवढा वेळ काय सांगत होते? भाई खुर्चीत टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी लिहिलंय ना, राष्ट्राध्यक्ष थकलेले दिसले. ते म्हणतात, थकलो नव्हतो, घाबरलो होतो."

मला वाटलं, आता ते शब्द बदलतील. केवढी बातमी होती ती. पण त्यांनी कागद होता तसाच आत छपाईला पाठवला. मी कारण विचारलं.

"थकलेला माणूस सगळ्या हॉलने पाहिला, बाय. घाबरलोय हे त्याने मला सांगितलं. पेपरला नाही."

काही आठवड्यांनी ऑपरेशन चांगलं झाल्याची बातमी माझ्याच टेलेक्सवर आली. मी कागद फाडून भाईंकडे पळत गेले. त्यांनी तो वाचला, उरलेला चहा संपवला, "बरं झालं," म्हणाले आणि बाजारातून हलव्याचा मोठा डबा मागवून ऑफिसभर वाटायला लावला. कशाबद्दल, ते मात्र कोणाला सांगितलं नाही. पुढे त्या देशातलं ते साप्ताहिक पुन्हा निघू लागल्याचंही आम्हाला कळलं. त्याचा आमच्या बातमीशी संबंध होता का, असं मी एकदा विचारलं होतं. भाई म्हणाले, ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही ते आपण लिहीत नाही.

आणखी काही वर्षांनी, मुलं मार्गी लागल्यावर, भाई कायमचे गावी निघाले. त्या वेळी ऑफिसात एका राष्ट्राध्यक्षांच्या भेटीची गडबड चालली होती, त्यामुळे फारसं कोणी येऊ शकलं नाही. मी, नवरा आणि मुलगी त्यांना मुहर्रकच्या विमानतळावर सोडायला गेलो. माझी मुलगी इंग्रजीतून त्यांना म्हणाली, लवकर परत या. "इंशाल्ला," म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते आत गेले.

काचेपलीकडे रांग दिसत होती. त्यांच्या पुढे एक मजूर होता, दोरीने बांधलेलं मोठं खोकं पायाने पुढे सरकवत होता. भाईंनी त्याला काहीतरी विचारलं. तो आधी संकोचला, मग बोलू लागला, मग हातवारे करून बोलू लागला. भाई त्याच्याकडे थोडे वाकले.

मागे वळून पाहतील म्हणून आम्ही तिघं हात वर करून उभे होतो. रांग पुढे सरकत राहिली. त्या माणसाचं बोलणं अजून संपलं नव्हतं.