वहिनीच्या डोक्यातला डाग

फोडलेल्या कांद्याचा उग्र वास आला की मला वरंधजवळच्या आमच्या वाडीतलं अंगण आठवतं. दादाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भात पाखडताना वहिनी कोसळली, हातपाय झाडू लागली आणि बायकांनी तिच्या नाकाशी कांदा धरला. असं तीनदा झाल्यावर आई म्हणाली, "हिला म्हायेरी पोचव. ह्ये औषधाचं काम नाय." दादाने ऐकलं नाही. एसटीने घाट चढून तो वहिनीला आणि मला पुण्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला आणि तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग दाखवला. "फिट येणाऱ्या कितीतरी जणांच्या फोटोत असा डाग मला दिसतो. गोळ्या नेमाने घ्या, चुकवू नका." वहिनीने विचारलं, "म्हंजे मी येकटीच नाय?" "मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर तिने तो फोटो उन्हात धरून अंगणात जमलेल्या बायकांना दाखवला, डॉक्टरांचं बोलणंही सांगितलं. म्हायेरचा विषय आईने पुन्हा काढला नाही. बायका पांगल्या, शेजारची काकू तेवढी थांबली. पदराशी चाळा करत ती हळूच म्हणाली, "माझ्या पोरीला पन येतात गो. चार वर्सं झाली, कुनाला सांगितलं नाय." त्याच आठवड्यात वहिनी त्या मायलेकींना घेऊन पुण्याला गेली. आमच्या आणि काकूच्या घराची मधली भिंत एकच होती. तरी चार वर्षं आम्हाला काही कळलं नाही, याचं आज मला फार वाईट वाटतं.