नीमसारला निघालेली खुर्ची

वडिलांचं वर्षश्राद्ध मुलाने करायचं असतं. आमच्याकडे ते चालू असताना मुलगा नेसत्या धोतरानिशी उसाच्या शेतात वेताच्या खुर्चीवर बसला होता.

तो मुलगा म्हणजे मी. खुर्चीही आमचीच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बँकेने माझी अकोल्याहून लखनौला बदली केली (का केली हे बँकेला शेवटपर्यंत सांगता आलं नाही) आणि आम्ही तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत बिऱ्हाड थाटलं. आई-बाबाही आले. लखनौला आल्यावर माणसं चिकनच्या भरतकामाचे कुर्ते घ्यायला चौक बाजारात धावतात. बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "इथून नैमिषारण्य किती लांब रे?"

सत्यनारायणाच्या पोथीत ऋषी जिथे जमतात, तेच हे नैमिषारण्य. तिकडचे लोक त्याला नीमसार म्हणतात. "अरे, जन्मभर ज्या गावाचं नाव ऐकून प्रसादाचा शिरा खाल्ला," बाबा म्हणायचे, "ते गाव सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ आहे! जायचंच. जरा ऊन उतरू दे." ऊन उतरलं की म्हणायचे, "जरा थंडी कमी होऊ दे." लखनौत या दोहोंच्या मध्ये आठवडाभर काय ती मोकळीक मिळते आणि त्या आठवड्यात बाबांना नेमकी सर्दी व्हायची. असं करता करता बाबाच गेले.

आई एवढंच म्हणाली, "वर्षश्राद्ध नीमसारला करायचं. जिवंतपणी नाही पोचले, निदान त्यांच्या नावाचा पिंड तरी तिथे पोचू दे."

अडचण होती आईच्या कंबरेची. डॉक्टरांनी बजावलं होतं, कडक जागी बसवायचं नाही आणि हिसके बसू द्यायचे नाहीत. बस तिला लागायची. घराजवळच्या कपूरथळा चौकापर्यंत रिक्षातून जातानासुद्धा ती वाटेत तीनदा देवाचं नाव घ्यायची. उरली रेल्वे. बालामऊपर्यंत मोठी गाडी, पुढे सीतापूरकडे जाणारी शाखेची पॅसेंजर. मी आमच्या बँकेतल्या मिश्राजींना विचारलं, कारण ते मूळचे त्याच भागातले.

"सीट कशा आहेत हो त्या गाडीत?"

"सीट?" मिश्राजींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "साहब, सीट नहीं, लकड़ी के पटरे हैं. गद्दी तो कब की लोगों के घर पहुँच गई. पंखा है, कंघी से घुमाओ तो घूमता है. बल्ब की जाली है, बल्ब नहीं है. बाकी सब आराम है."

एखादा शहाणा मुलगा यावर एक चांगली उशी घेऊन गेला असता. मी आमची वेताची आरामखुर्ची न्यायची ठरवली.

ही खुर्ची रुंद हातांची होती. नुसती ठेवली तरी एखादा जमीनदार दंड पसरून बसल्यासारखी दिसायची. श्राद्धासाठी माझी धाकटी बहीण कुंदा अकोल्याहून आली होती. तिने खुर्चीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "दादा, आपण श्राद्धाला चाललोय की बिऱ्हाड हलवतोय?"

"आईच्या कंबरेचा प्रश्न आहे," मी गंभीरपणे म्हणालो.

"पापा, प्लीज मत ले जाओ ना," माझी मुलगी कळवळली. "सब लोग देखेंगे!" तिची परीक्षा होती म्हणून ती आणि तिची आई घरी राहणार होत्या. तरीही तिला लाज वाटत होती, यावरून खुर्चीचा आकार लक्षात यावा.

बालामऊपर्यंत खुर्ची सामानाच्या डब्यातून रीतसर आली. तिथे शाखेची गाडी उभी होती. खिडक्यांच्या गजांना बाहेरून सायकली आणि दुधाच्या किटल्या लटकत होत्या. आमच्या डब्याला एका बाजूला दारच नव्हतं, नुसती चौकट होती. चौघांनी मिळून त्या चौकटीतून खुर्ची आत घातली. मी ती दोन बाकांच्या मधल्या वाटेत ठेवली, आईला तिच्यात बसवलं, पाठीशी शाल दिली आणि आजूबाजूला पाहिलं. सबंध डबा आईकडे टक लावून पाहत होता.

"ई कौन माताजी हैं?" एकाने आदराने विचारलं. "प्रवचन होई का?"

"शरद," आई हळूच म्हणाली, "मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"आई, तू आरामात बस. लोकांकडे पाहू नकोस."

एवढ्यात गाडीने हिसका दिला. आता, रेल्वेचा बाक जमिनीला पक्का केलेला असतो. खुर्ची नसते. हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. आई खुर्चीसकट, चेहऱ्यावरची शालीनता न ढळू देता, डब्यातून सरळ शौचालयाच्या दिशेने निघाली! कुंदाने धावत जाऊन तिला अडवलं. दुसऱ्या हिसक्याला दोघी मिळून परत आल्या. तिसऱ्या हिसक्याला खुर्ची एका म्हाताऱ्याच्या नडगीवर आदळली. त्याने मला जे ऐकवलं ते तिकडच्या अवधी बोलीत होतं, पण भाव सगळा समजला.

शेवटी लाकडी बाकावरच्या दोन चांगल्या आडव्या बायकांनी आपसात ढकलाढकली करून जागा केली. "अम्मा, हियाँ आओ. हमरे बीच में बैठो." आई दोघींच्या मध्ये बसली, बसली म्हणजे घट्ट रुतली. मला काळजी वाटली. मी वाकून विचारलं, "आई, कंबर?"

"अरे, हलायलाच जागा नाही, दुखेल कशी?" आई म्हणाली. तिचा चेहरा कित्येक महिन्यांत एवढा निवांत दिसला नव्हता. पाचच मिनिटांत तिन्ही बायका एकमेकींच्या सुनांबद्दल बोलू लागल्या. (आईला अवधी येत नव्हती आणि त्यांना मराठी. विषय सुनांचा असल्याने कुणाचंच अडलं नाही.)

खुर्ची आता रिकामी होती आणि रिकामी खुर्ची जास्तच फिरत होती. लोक पाय वर घेऊन बसले. कोपऱ्यातल्या एका दूधवाल्याने निकाल दिला, "बाबूजी, या तो इसको बाँधो, या खुद बैठो." बांधायला दोरी नव्हती. मग वजन म्हणून मी बसलो. सारा डबा पटऱ्यांवर दाटीवाटीने बसलेला, आणि मध्ये धोतर नेसून, उपरणं घेऊन, आरामखुर्चीत मी! (तिथे कपडे बदलायला वेळ मिळणार नाही म्हणून धोतर घरूनच नेसलो होतो.) आईच्या सोयीसाठी निघालेल्या खुर्चीतून आईचा मुलगा तीर्थयात्रेला चालला होता.

नीमसार आलं. गाडी तिथे जेमतेम थांबते. फलाट दुसऱ्या बाजूला आला आणि त्या बाजूला मात्र दार होतं. दोन झडपांचं. त्यातली एक झडप गंजून कायमची बंद. दोन्ही बायकांनी आईला हात देऊन उतरवलं. श्राद्धाच्या सामानाची पिशवी घेऊन कुंदा उतरली. मी खुर्ची उचलली आणि दारात घातली.

ती तिथेच राहिली.

खालून चढणारे आत ढकलत होते आणि आतून मी बाहेर ढकलत होतो. खुर्चीचे दोन्ही हात दाराला कवटाळून बसले. "आडवी कर!" कुंदा ओरडली. आडवी केली. "उभी कर!" उभी केली. "दादा, सोड ती खुर्ची आणि उतर!"

"आत नेलीय तर बाहेर काढणारच!" मी म्हणालो. बाबांच्या वेळेपासून आमच्या घरात काही वाक्यं फार वाईट वेळी उच्चारली जातात, त्यातलं हे एक.

गाडीने शिट्टी दिली. मग मात्र मी खुर्चीवरून उडी मारायचा विचार केला. पण धोतराचा सोगा तुटक्या वेतात अडकला होता. उडी मारली असती तर मी तीर्थावर पोचलो असतो, धोतर सीतापूरला गेलं असतं.

"चेन खींचो! चेन!" मी ओरडलो.

"चेन?" मागून एकजण शांतपणे म्हणाला. "ऊ तो पिछली होली से नाहीं है."

फलाट मागे सरकायला लागला. आई उन्हात उभी होती, कपाळाला हात लावून. तो हात ऊन अडवायला होता की माझ्या नावाने लावला होता, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

तेव्हा मात्र माझं हसू झालंय हे मला जाणवलंसुद्धा नाही. वर्षभर आईने या एका दिवसाची वाट पाहिली होती. दुपारच्या आत विधी व्हायला हवा होता, पंडितजी घाटावर खोळंबले होते, आणि पिंड देणारा मुलगा पुढच्या गावाला निघाला होता. परतीची गाडी थेट संध्याकाळी.

"घबराओ मत," दूधवाला म्हणाला. "आगे हमार गाँव है. हुआँ रुकी."

"स्टेशन आहे का तिथे? स्टेशन है?"

"स्टेशन काहे का? गाँव है."

थोड्याच वेळात गाडीने मोठा सुस्कारा सोडला आणि ती उसाच्या शेतांमध्ये उभी राहिली. दूधवाल्याच्या पुतण्याने मागच्या डब्यापाशी ब्रेकचा पाइप काढला होता. हे रोजचंच असावं, कारण ड्रायव्हरही खाली उतरून निवांत विडी पेटवताना दिसला. ज्या गाडीत बसायला गादी नव्हती, प्यायला पाणी नव्हतं, तिच्यात माणसाला आपापल्या दारात उतरायची सोय होती! बिनदाराच्या बाजूने किटल्या उतरल्या, सायकली उतरल्या, माझं धोतर सोडवून मी उतरलो आणि माझ्यामागोमाग खुर्ची अलगद खाली आली. एका हाताने.

"हियाँ बैठो," दूधवाला म्हणाला. "भाई ट्रैक्टर लेके आवत है. पहुँचाय देई."

म्हणून मी बसलो. चोहीकडे ऊस, डोक्यावर ऊन. ऐन मध्यान्ह झाल्याचं सावलीवरून कळत होतं. माझी सावली खुर्चीच्या खाली जाऊन लपली होती. बाजूच्या पाटातून पाणी वाहत होतं. मी उठलो, ओंजळीत पाणी घेतलं, नीमसार कुठल्या दिशेला असेल त्या बाजूला तोंड केलं आणि बाबांचं नाव, गोत्र घेऊन सोडलं. मंत्र येत नव्हता. "बाबा, आलो होतो," एवढंच म्हणालो.

"का करत हो?" दूधवाल्याने विचारलं.

"पिताजी का श्राद्ध है आज."

त्याने डोक्याचा गमछा सोडला, हातात धरला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. ट्रॅक्टर येईपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो.

पुढचं वर्णन मी टाळणार होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवली आणि ती घसरू नये म्हणून मला पुन्हा तिच्यात बसवलं. नीमसारच्या बाजारातून, यात्रेकरूंच्या गर्दीतून, धोतर-उपरण्यातला एक गृहस्थ उंचावर खुर्चीत बसून निघालाय हे पाहून लोक हात जोडत होते. एका बाईने ट्रॉलीत केळी ठेवली. मी ती नाकारली नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

चक्रतीर्थाच्या कुंडाच्या काठावर आई आणि कुंदा बसल्या होत्या. विधी उरकला होता. पंडितजी दक्षिणा कनवटीला लावत होते.

"मी पंडितजींना सांगितलं, मुलगा गाडीने नेला," आई म्हणाली. "ते म्हणाले, बिटिया तो है, बिटिया करे. कुंदाने केलं सगळं. फार छान केलं."

कुंदा मान खाली घालून बोटातला दर्भ सोडत होती. तिचे डोळे ओले होते. मी शेजारी बसलो. मग विचारलं, "कावळा?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. गोमतीच्या काठावर दहाव्याला मी काय काय कबूल केलं होतं! आईला सांभाळीन, कुंदाला अंतर देणार नाही, तंबाखू सोडीन. ऊन कलेपर्यंत एक कावळा फिरकला नव्हता आणि शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली होती.

"पान ठेवून मी हात मागे घेते न घेते तोच उतरला," कुंदा म्हणाली. "काही कबूलसुद्धा करावं लागलं नाही."

"ह्यांचं कशात अडकलं होतं ते मला आज कळलं," आई पदराने तोंड पुसत म्हणाली. "एखादं कार्य शरदने मध्ये हात न घालता पार पडलेलं पाहायचं होतं त्यांना."

तेव्हापासून बाबांचं श्राद्ध दरवर्षी कुंदा करते. कावळा वेळेवर येतो. माझ्याकडेही एक जबाबदारी आहे आणि ती मी न चुकता पार पाडतो: त्या दिवशी सकाळीच कुठली तरी गाडी पकडून मी गावाबाहेर जातो.