दाऊदभाईंची पिवळी आणि बाजूची जागा

गल्फहून परत आलेल्या माणसाचं सामान संपतं, किस्से संपत नाहीत. ब्लँकेटं विरली, टेपरेकॉर्डर भंगारात गेले, अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांत आता खोबरेल असतं. पण आमच्या बोर्लीत संध्याकाळी चहा सांगितला, की कुणीतरी एक किस्सा काढतो आणि त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. त्यातले निम्मे तरी दाऊदभाईंच्या गाडीचे.

दाऊदभाई, पांडू आणि मी, आम्ही तिघं तरुणपणी कुवेतला एका खोलीत राहायचो. दाऊदभाई बंदरावर क्रेन चालवायचे, मी इलेक्ट्रिशियन. पांडू जातीचा कोळी, समुद्र सोडून बांधकामावर आलेला. आमच्यात रुबाबदार एकटे दाऊदभाई. कारण त्यांच्याकडे मस्टँग होती, अमेरिकन मोटार.

*

तिथल्या एका शेखच्या पोराला नवीन मॉडेल हवं होतं, म्हणून त्यानं जुनी गाडी येईल त्या भावाला काढली. पिवळीधमक, लांब बोनेट, दोनच दरवाजे. दाऊदभाईंनी ती खोलीसमोर आणून उभी केली तेव्हा मी म्हटलं, "नारळ फोडल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

कुवेतभर नारळ मिळेना. शेवटी दाऊदभाईंनी ट्रंकेतून आईनं कालवणासाठी दिलेला एकुलता एक नारळ काढला. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, मी नारळ फोडला. खोबरं तिघांनी तिथंच खाऊन टाकलं. पुढं किती तरी दिवस कालवण पाणचट व्हायचं, आणि दाऊदभाई ते भुरकत खिडकीतून गाडीकडे बघत बसायचे.

*

आठ सिलिंडरचं इंजिन. चालू झालं की खोलीतली भांडी वाजायची. पांडू पहिल्यांदा तो आवाज ऐकून उभाच राहिला. म्हणाला, "आमच्या सगल्या होड्या एका टायमाला सुटल्या तरी येवढा आवाज न्हाय."

मग तो ऐटीत पुढे बसायला गेला. दाऊदभाईंनी दरवाजा धरून ठेवला. "ती जागा राखीव हाय."

"कुणासाठी?"

"अजून ठरायची हाय."

त्या गाडीची मागची सीट म्हणजे नुसती म्हणायला सीट. पांडू सहा फुटी. गुडघे कानाला लावून तो कुवेतभर फिरला. मी दाऊदभाईंच्या मागे बसायचो आणि त्याला हसायचो. पुढची सीट मात्र मोकळीच. आणि स्टिअरिंगला तर कुणी हात लावायचा नाही, हा दुसरा नियम.

*

पांडूनं सूड घेतला, पण त्याच्या मनात तसं काही नव्हतं हे मी शपथेवर सांगतो. एका सुट्टीच्या दिवशी त्यानं बाजारातून बारकी मासळी आणली, मीठ लावलं आणि वाळत घातली. कुठं? तर पिवळीच्या बोनेटवर! कोळ्याला सपाट आणि तापलेली जागा दिसली की त्याचे हात थांबत नाहीत.

दाऊदभाई उठून बाहेर आले. बोनेटभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "पांडू, ही गाडी हाय."

पांडू म्हणाला, "व्हय, म्हणून तर लवकर सुकली."

तो वास महिनाभर गेला नाही. एकदा वाटेत पोलिसानं गाडी अडवली, खिडकीतून डोकं आत घातलं आणि कागद न बघताच जा म्हणून हात केला. ती मासळी मात्र झकास झाली होती. दाऊदभाईंनी पांडूशी अबोला धरला आणि तिचं कालवण दोनदा मागून घेतलं.

*

आता लग्नाचा किस्सा. आमच्याकडची लग्नाची पोरं त्या काळात मुलीकडे फोटो पाठवायची, आणि फोटोत मागे गाडी असली तर होकार लवकर यायचा. दाऊदभाई दिलदार. जो येईल त्याला पिवळीला टेकून फोटो काढू द्यायचे. श्रीवर्धनपासून म्हसळ्यापर्यंत कितीतरी घरांत एकच गाडी पोचली.

मग दाऊदभाईंचं स्वतःचं स्थळ निघालं. त्यांनीही टेकलेला फोटो पाठवला. मुलीच्या बापानं तो चौघांना दाखवला आणि निरोप धाडला, "हा कितवा गाडीवाला? ही गाडी आमच्या शेजारच्या जावयाची हाय."

गाडी ज्याची, त्याच्यावरच कुणाचा विश्वास बसेना! दाऊदभाई दोन दिवस जेवले नाहीत. मग मीच सुचवलं, स्टिअरिंगवर बसून फोटो काढा. तसा फोटो दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. त्यांनी काढला, आणि मागे लिहिलं, 'बाजूची जागा तुमची. मी स्वतः फिरवीन.'

जुबेदाभाभींनी त्या एका ओळीवर होकार दिला. हे त्या स्वतः सांगतात.

*

पण भाभींचं कुवेतला येणं झालंच नाही. कधी व्हिसा अडला, कधी सासू आजारी, कधी बाळंतपण. दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळायची. दर खेपेला भाभी विचारायच्या, "माझी सवत कशी हाय?"

मग दाऊदभाईंचं काम संपलं. गाडी भारतात आणणं आमच्यासारख्याच्या आवाक्यातलं नव्हतं. विकली. घेणारा भला माणूस, म्हणाला, चला, तुम्हाला खोलीवर सोडतो. त्यानं पुढचा दरवाजा उघडला. दाऊदभाई सीट दुमडून मागे गेले आणि पांडूच्या जागेवर गुडघे मुडपून बसले. मी बघत होतो. मला रडू आलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

जास्तीची चावी त्यांच्या खिशातच राहिली. ती बोर्लीला आली. भाभींनी पुढं ती दूधपावडरच्या डब्याची झाकणं उचकटायला वापरली.

*

तिकडं स्टिअरिंग डावीकडे असतं, हे अंगात मुरलेलं. परत आल्यावर मेव्हण्यानं टेम्पो चालवायला दिला, तर दाऊदभाई डाव्या दारानं आत जाऊन बसले आणि हातानं स्टिअरिंग चाचपायला लागले. मेव्हणा म्हणाला, "भाई, ते हिकडं हाय." दाऊदभाई म्हणाले, "म्हाइत हाय. जरा बसू दे."

माणूस मोठा. पोरांची शिक्षणं केली, लेकींची लग्नं केली, गावच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री टेम्पो काढला. कुणाला दिलेला शब्द मोडला नाही. फोटोमागचा तेवढा राहिला. त्याची भाभींनी पुष्कळ चेष्टा केली, तक्रार कधी केली नाही. पण अलीकडे भाभींचे गुडघे गेले आणि तो राहिलेला शब्द दाऊदभाईंच्या जिवाला लागून राहिला.

*

यंदा माझ्या भाच्यानं फोनवर व्हिडिओ दाखवला. मुंबईचा एक तरुण मांडव्याला गाड्या वाहणाऱ्या बोटीतून जुनी मस्टँग उतरवत होता. रंग हिरवा, बाकी सगळी तीच. भाच्यानंच त्याचा पत्ता काढून गाठ ठरवली. आम्ही तिघं म्हातारे आणि भाभी, भाड्याची गाडी करून मांडव्याला गेलो.

तो तरुण फार लाघवी निघाला. सगळं ऐकून घेतलं आणि दाऊदभाईंच्या हातावर चावी ठेवली. "काका, जेट्टीच्या रस्त्यानं एक फेरी मारा. तुम्ही चालवा." दाऊदभाईंनी चावी सदऱ्याला पुसली.

पांडूला काही सांगावं लागलं नाही. तो आपणहून मागे जाऊन गुडघे मुडपून बसला.

भाभी आधार धरत गाडीपाशी आल्या. जन्मभर ज्या दारानं टेम्पोत बसल्या, त्याच डाव्या दारानं आत शिरल्या आणि ओढणी सावरून ऐसपैस बसल्या. पुढ्यात स्टिअरिंग. आधाराला म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

तो तरुण सांगायला पुढं झाला. दाऊदभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. मग बोनेटला वळसा घालून ते पलीकडे गेले, उजवं दार उघडलं, आणि त्या मोकळ्या सीटवर बसले. चावी भाभींच्या पुढ्यात धरली.

भाभींनी एकदा चावीकडे बघितलं, एकदा स्टिअरिंगकडे, मग नवऱ्याकडे. त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता उतरतील.

स्टिअरिंगवरचा हात न काढता त्यांनी विचारलं, "हॉर्न कंचा?"